घोडा ए-५ वर ठेवलाय

प्रिय बाबू,

हे पत्र तुझ्या बुद्धिबळाचे डाव लिहायच्या वहीत ठेवतोय. तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा काहीतरी वाकडंच निघेल.

रविवारी स्पर्धेहून येताना स्कूटरवर मी बोललो ते चुकलं. ‘‘इतक्या लवकर कोणी हरतं का? आपल्याच नागपूरच्या दिव्या देशमुखकडे बघ जरा.’’ सीताबर्डी येईपर्यंत तू गप्प. तर्री पोह्यांनाही नको म्हणालास, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रात्री तू झोपल्यावर तुझी वही उघडून पट मांडला. इटालियन ओपनिंग, म्हणजे डावाची एक ठरलेली सुरुवात. समोरच्याचा घोडा जी-५ च्या घरात आला, तू डी-५ ला प्यादं सरकवलंस. बरोबर. त्यानं ते मारलं, तू घोड्यानं त्याचं मारलंस. अरे, मीही तेच केलं असतं! मग त्यानं एफ-७ वर घोडा टाकला. तुझ्या राजानं तो खाल्ला, आणि त्याचा वजीर एफ-३ वरून एकाच वेळी शह देतोय आणि डी-५ च्या घोड्यावरही डोळा ठेवून आहे. घोडा वाचवायला राजा निघाला ई-६ वर, भर चौकात. कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीच्या आड लपवणं, तर गेलंच.

याला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात म्हणे, तळलेली कलेजी. इटलीतली माणसं हा हल्ला चारशे वर्षांपूर्वी खेळायची. म्हणजे त्यात सापडलेला तू काही पहिला नाहीस.

आम्ही आजोबांसोबत ओसरीवर देशी नियमांनी खेळायचो. पहिल्या चालीलाही प्यादं एकच घर. ओपनिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, आणि निघालो तुला बोलायला.

दिव्याचंही नीट वाचलं. २०२५ च्या जुलैत बटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी तिचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. टायब्रेकमध्ये, म्हणजे निकालासाठीच्या जलद डावांत जिंकली, तेव्हा कुठे ग्रँडमास्टर झाली. त्या पोरीला मी तुझ्यापुढे छडीसारखं धरलं.

डी-५ वर मारण्याऐवजी सी-६ चा घोडा ए-५ वर न्यायचा, थेट त्याच्या उंटावर. एक प्यादं जातं, पण तुझ्या सोंगट्या भराभर बाहेर पडतात. पट बैठकीत तसाच मांडून ठेवलाय, आईलाही हात लावू नको म्हटलंय. पांढऱ्याचा उंट बी-५ वर शह देईल असं मला वाटतं. पुढचं तू सांग.

तुझा,
बाबा