मुलांच्या हातून गेलेले पैसे परत मागायचे कुठे?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात मी गेली नऊ वर्षे सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, केवायसी, शिष्यवृत्तीचे अर्ज ही माझी रोजची कामे. गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांपासून त्यांत एका कामाची भर पडली आहे. भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एखादा शेतकरी येतो, पासबुक आणि मोबाइल टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "पैसे कटले जी खात्यातले, कोनं काढले ते पाहून द्या." मी बँकेचे मेसेज उघडतो. त्यात कुण्या भामट्याचा माग नसतो. ८९, १७९, ४४९ अशा रकमा असतात आणि त्या मोबाइलवरच्या खेळांतील खरेदीपोटी एखाद्या ॲप स्टोअरच्या नावे गेलेल्या असतात. मग बापाची नजर सोबत आलेल्या पोराकडे वळते आणि पुष्कळदा पहिली चापट माझ्या टेबलासमोरच बसते.

त्या चापटीच्या आगेमागे जे दोन दिवस जातात, त्यांविषयी मला लिहायचे आहे. मुलाच्या हातून गेलेला पैसा अनेकदा परत मिळू शकतो. तो कायमचा बुडतो, कारण या दोन दिवसांत आपण भलत्याच दारात उभे असतो.

गेल्या मे महिन्यात हा प्रकार माझ्या स्वतःच्या घरी घडला. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडता येत नाही, विदर्भातील शाळाही उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि कूलरपुढे बसलेल्या पोराच्या हाती मोबाइल देऊन घरचे आपापल्या कामाला लागतात. माझा मुलगा चौथीत आहे. फोन आणि खाते माझ्या आईचे, आणि खात्यात तुरीचे पैसे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने किराणा दुकानात पैसे देताना ती नातवालाच म्हणते, "बेटा, तू दाब." त्यामुळे तिचा यूपीआय पिन तिच्यापेक्षा त्यालाच जास्त पाठ आहे. त्या दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान त्याने एका खेळात बारा वेळा खरेदी केली. एकूण ३,६७८ रुपये गेले. संध्याकाळी मी विचारले तेव्हा तो रडतरडत म्हणाला, "बाबा, म्या त हिरे घेतले, पैसे कुठी घेतले?" मी तो खेळ उघडून पाहिला. पडद्यावर एक पेटी होती, तिच्यावर उलटे घड्याळ चालू होते, खाली हिऱ्यांची रास चमकत होती आणि रुपयांचा आकडा एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. दहा वर्षांच्या मुलाला हिरा आणि आजीची तूर यांचा संबंध कळावा, अशी त्या पडद्याची रचनाच नव्हती.

मी त्याच रात्री गुगल प्लेकडे परताव्याचे अर्ज केले. प्रत्येक खरेदीची ऑर्डर वेगळी, म्हणून बारा ऑर्डरींसाठी बारा अर्ज, आणि प्रत्येकात कारण एकच : घरातील मुलाने चुकून खरेदी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहा अर्ज मंजूर झाले आणि १,८८० रुपये परत आले. ८९९ रुपयांचे दोन अर्ज नामंजूर झाले. त्यांसाठी खेळ बनवणाऱ्या कंपनीला लिहिले, तर अकरा दिवसांनी इंग्रजीत उत्तर आले की वापरून झालेली वस्तू परत घेता येत नाही.

त्याच महिन्यात शेजारच्या गावच्या एक ताई माझ्याकडे आल्या. त्यांच्या मुलाने दोन दुपारी मिळून जवळपास तेवढेच पैसे घालवले होते, आणि ते पेरणीच्या बियाण्यासाठी राखून ठेवलेले होते. त्यांना हे शुक्रवारी रात्री कळले. दुसरा दिवस महिन्याचा दुसरा शनिवार, मग रविवार. दोन्ही दिवस बँक बंद. सोमवारी एसटीने तालुक्याला जाऊन त्या बँकेत उभ्या राहिल्या, तेव्हा पिन टाकून झालेला व्यवहार आहे, आम्ही काही करू शकत नाही, असे सांगण्यात आले. ठाण्यात गेल्या, तर पोरानेच केले म्हटल्यावर गुन्हा कसला, असे म्हणून परत पाठवले. मग पुतण्याने इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधून दिला. पलीकडच्या माणसाने फोनचा पडदा त्याला दिसेल असे एक ॲप टाकायला सांगितले, तेव्हा त्या घाबरल्या आणि फोन ठेवून दिला. उरलेले पैसे त्यामुळेच वाचले. माझ्याकडे त्या नवव्या दिवशी पोचल्या. अर्ज केला, तो नामंजूर झाला. ताईंची आणि माझी चूक सारखीच होती. मला दार ठाऊक होते आणि त्यांना नव्हते, एवढाच फरक.

ते दार कोणते, हे आपल्या वाचकांसाठी स्पष्ट लिहितो. गुगल प्लेवरून झालेल्या खरेदीचा परतावा ४८ तासांच्या आत थेट गुगलकडे मागता येतो. त्यानंतर बहुतेक वेळा ॲप बनवणाऱ्याकडे जावे लागते, आणि तो परदेशी असला तर खेड्यातल्या माणसाचा तिथपर्यंत हात पोचत नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गुगल प्लेची वेबसाइट उघडून, ज्या खात्यावरून खरेदी झाली त्याच खात्याने आत जाऊन, आपल्या चित्रावर दाबले की खरेदीचा इतिहास मिळतो. तेथे त्या त्या ऑर्डरची समस्या नोंदवण्याची सोय आहे. निर्णय साधारण एका दिवसात येतो, कधी चार दिवस लागतात. कुटुंबातील कुणी चुकून खरेदी केली, हे कारण तेथे मान्य कारणांत मोडते. मात्र घरातल्या किंवा ओळखीच्या कुणीही केलेली नाही अशी खरेदी वेगळी, आणि तिची तक्रार १२० दिवसांपर्यंत करता येते. पोराने केलेली खरेदी या दुसऱ्या रकान्यात घालू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. खोटे कारण लिहिले की खरा अर्जही फसतो. १९३० ही हेल्पलाइन सायबर फसवणुकीसाठी आहे. पोराच्या खरेदीसाठी तिचा उपयोग नाही, पण बनावट कस्टमर केअरने लुबाडले तर लगेच त्याच नंबरवर फोन करावा.

आता मारण्याविषयी. ज्या घरात पहिल्या वेळी मार बसला, त्या घरातला मुलगा दुसऱ्या वेळी बँकेचे मेसेज पुसून टाकतो, हे मी तीन घरांत पाहिले आहे. महिनाभराने पासबुकावर नोंदी घेतल्या की मग उलगडा होतो, आणि तोवर ४८ तास कधीच निघून गेलेले असतात. ज्या मुलाने त्याच संध्याकाळी आईला सांगितले, त्याच्या घरचे पैसे वाचण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याने सांगावे असे वातावरण घरात असले पाहिजे.

परताव्याच्या नियमातील एक गोष्ट मात्र मला अन्यायाची वाटते. खाते किंवा पैसे भरण्याची माहिती दुसऱ्याला दिली असेल, अथवा खात्याला पडताळणीचे (खरेदीआधी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारण्याचे) संरक्षण लावले नसेल, तर परतावा सहसा देता येत नाही, असे गुगलचे धोरण सांगते. शहरातल्या, प्रत्येकाचा फोन वेगळा असलेल्या घराला हा नियम ठीक असेल. आमच्याकडे चार माणसांत एक स्मार्टफोन असतो, आजीचा पिन नातू दाबतो आणि फोन पटकन उघडावा म्हणून पोराच्या बोटाचा ठसाही बापानेच त्यात घातलेला असतो. अशा घरात माहिती 'दुसऱ्याला दिली' असे म्हणणे म्हणजे आंधळ्याने काठी धरली म्हणून त्याला दोष देण्यासारखे आहे.

तरीही जे आपल्या हाती आहे ते करावेच लागेल. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या पडताळणीची सोय असते. ती दर वेळी विचारावी, तीस मिनिटांतून एकदा विचारावी की कधीच विचारू नये, हे तेथे ठरवता येते. ती 'दर वेळी' वरच ठेवावी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून ठेवलेल्या ॲपमध्ये ही पडताळणी कायमच मागितली जाते, परंतु आमची पोरे जे खेळ खेळतात ते बहुतेक मोठ्यांच्या गटातले, म्हणून ते कवच त्यांना लागू होत नाही. पोराचा ठसा फोनमधून काढून टाकावा, नाहीतर ही पडताळणी त्याच्याच बोटाने पार पडते. पिन बदलावा, आणि आजीला डोळ्यांनी दिसत नसेल तर तो घरातल्या मोठ्या माणसाने दाबावा. मुलाचे खाते वेगळे काढून गुगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपने आपल्या खात्याला जोडले, तर प्लेच्या बिलातून होणाऱ्या खरेदीला पालकांची मंजुरी लावता येते. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲपमधील खरेदीच बंद करावी.

'सात दिवस मोफत' म्हणून सुरू होणाऱ्या वर्गणीचा धोका वेगळा आहे. एकदा मंजुरी दिली की पुढचे हप्ते ओटीपी न विचारता कापले जातात. अशा एका हप्त्याची सर्वसाधारण मर्यादा १५,००० रुपयांची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि ती येतेही, पण मी पाहिलेल्या बहुतेक सूचना इंग्रजीतल्या होत्या आणि कुणी वाचलेल्या नव्हत्या. ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे; वर्गणी वेगळी रद्द करावी लागते.

हा प्रश्न सोडवणे कंपन्यांना अशक्य आहे, असे मला वाटत नाही, कारण अमेरिकेत तो त्यांना सोडवावा लागला आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने २०१४ मध्ये ॲपलला मुलांच्या अशा खरेद्यांपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि त्याच वर्षी गुगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. पासवर्ड एकदा टाकला की ॲपलवर १५ आणि गुगलवर ३० मिनिटे मुलांना वाटेल तितकी खरेदी करता येत असे, असा आयोगाचा आक्षेप होता. ॲमेझॉनविरुद्ध २०१६ मध्ये न्यायालयाचा निकाल लागला आणि पुढच्या वर्षी ७ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या परताव्याची वाट मोकळी झाली. २०२२ मध्ये फोर्टनाइट या खेळाच्या कंपनीला फसव्या बटणांबद्दल साडेचोवीस कोटी डॉलर मान्य करावे लागले. तेथे प्रश्न विचारला गेला तो खात्याच्या मालकाने खरेदीला खरोखर संमती दिली होती का, हा.

आपल्याकडेही कायद्याचा आधार नाही असे नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व्यक्ती करार करू शकत नाही आणि तिने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ पासून पक्के झालेले आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली. त्यांतील तेरा प्रकारांत खोटी घाई लावणे, एकसारखा तगादा लावणे आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे हे तीनही आहेत. माझ्या मुलाच्या पडद्यावरचे ते उलटे घड्याळ मला या पहिल्या प्रकाराजवळचे वाटते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. पण ८९ रुपयांच्या पाच खरेद्यांसाठी रोजी बुडवून यवतमाळला कोण जाणार? म्हणून लहान रकमेचा न्याय त्या पहिल्या दोन दिवसांतच मिळायला हवा.

माझ्या मागण्या फार नाहीत. फोन दुकानातून घरी आला तेव्हापासूनच, वयोगट कोणताही असो, प्रत्येक खरेदीला पडताळणी सुरू असावी. ज्याला नको असेल त्याने ती बंद करावी. बँकांनी पासबुकाच्या खिडकीवर एक मराठी फलक लावावा : मुलाने मोबाइलवर खरेदी केली असल्यास आधी ॲप स्टोअरकडे ४८ तासांत अर्ज करा. 'आम्ही काही करू शकत नाही' म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या फलकाकडे नुसते बोट दाखवले असते, तरी त्या ताईंना निदान नवव्या दिवसापर्यंत भटकावे लागले नसते. जिल्हा परिषद शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच्या पालकसभेत दहा मिनिटे यासाठी द्यावीत, आणि सेटिंग तिथेच, पालकांच्या हातातल्या फोनवर करून द्यावी. सांगून कुणी करत नाही, हा माझा अनुभव आहे.

तालुक्यातील सेवा केंद्र चालविणाऱ्या माझ्या बांधवांना एक विनंती. या अर्जांचे मी पैसे घेत नाही, आपणही घेऊ नयेत. आणि संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मुलांच्या हाती दिवसभर मोबाइल जाण्याआधी, परताव्याच्या अर्जाची ही रीत ठळक चौकटीत छापावी. आमच्या गावात तो अंक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवण्याची जबाबदारी माझी.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक सेवा केंद्र चालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ