‘बेबल’चे ऑक्सफर्ड आणि आपले शास्त्री

महोदय,

रविवारच्या पुरवणीत आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’ (२०२२) या कादंबरीचा परिचय वाचला. परिचय नेटका आहे, पण ही ‘दूरच्या देशांची गोष्ट’ आहे हे त्यातले म्हणणे पटले नाही, म्हणून हे पत्र.

कादंबरी घडते १८३० च्या दशकातल्या ऑक्सफर्डमध्ये. तिथे भाषांतरकारांचा मनोरा आहे. चांदीच्या पट्टीवर दोन भाषांतले शब्द कोरायचे आणि भाषांतरात जो अर्थ निसटतो तो चांदीने प्रत्यक्षात आणायचा, ही तिथली जादू. त्या चांदीवर साम्राज्य चालते. युरोपीय शब्दांच्या जोड्यांचा जोर ओसरत चालला, म्हणून मग चीनमधल्या कँटनचा मुलगा हवा, कलकत्त्याचा हवा. कँटनहून आणलेल्या नायकाला इंग्रजी नाव घ्यावे लागते. त्याचे मूळ नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. तळटिपा कधीकधी शिकवणी घेतल्यासारख्या होतात खऱ्या, पण नाव पुसण्याची ही वेदना लेखिकेने फार ताकदीने मांडली आहे.

मनोरा कल्पित आहे. मात्र त्याच ऑक्सफर्डात १८३२ मध्ये संस्कृतच्या पहिल्या प्राध्यापकपदी एच. एच. विल्सन यांची निवड झाली, आणि त्या अध्यासनासाठी पैसा ठेवला होता कंपनीच्या मुंबई फौजेतल्या कर्नल बोडेन यांनी. इंग्रजांना संस्कृत यावे आणि त्यातून हिंदी लोकांचे धर्मांतर सुकर व्हावे, हा हेतू त्यांच्या १८११ च्या मृत्युपत्रात उघड लिहिलेला आहे. कादंबरीतली कथा इंग्रज आणि चीन यांच्यातल्या ज्या अफूयुद्धाकडे जाते, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. जमशेटजी जीजीभाईंसारख्या आपल्या व्यापाऱ्यांनी त्यात अमाप पैसा मिळवला. हेही आपण विसरता कामा नये.

आणि आपले कोश? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. तो आजही माझ्या टेबलावर असतो आणि त्याच्या कर्त्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण शब्द गोळा करायला, त्यांचे अर्थ उलगडायला ब्राह्मण पंडितांची मंडळी राबली होती आणि मुखपृष्ठावर नावे आली ती मोल्सवर्थ व कँडी बंधू या फौजी अधिकाऱ्यांची. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८२९ मध्ये मराठीचा मराठीतच कोश केला. तो किती वाचकांना ठाऊक आहे?

२०२९ मध्ये शास्त्र्यांच्या त्या कोशाला दोनशे वर्षे होतील, २०३१ मध्ये मोल्सवर्थच्या. आपल्या पुरवणीने या पंडितांवर आतापासूनच लेखमाला सुरू करावी. त्यांच्याविषयीची कागदपत्रे, पत्रे कुणाच्या घरी वा ग्रंथालयात असतील, तर ती पुढे आणण्याचे आवाहनही करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा