काका, तुम्ही पगाराच्या स्लिपा मागितल्यात म्हणून

ती. काकांस,
सा. न.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितोय, कारण काम सुटल्यावरही ई.एस.आय.मधून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातून, काही दिवस पैसे मिळू शकतात, हे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कॉन्ट्रॅक्टरकडे राबणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

2024 मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर माझं काम सुटलं. कॉन्ट्रॅक्ट संपलं, उद्यापासून येऊ नका, एवढंच सांगितलं. लोट्यातली खोली सोडून गुहागरात परतलो. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणत होता, कोऱ्या कागदावर सही कर, मग हिशेब देतो. मी करणारच होतो. तुम्ही म्हणालात, "सही राहू दे. आधी स्लिपा घेऊन ये."

आमच्यासाठी ई.एस.आय. म्हणजे दवाखाना. महिन्याला 105 रुपये कापले जायचे, ते औषधापाण्याचे, असंच मी समजत होतो. 14,000 वर पाऊण टक्का म्हणजे 105, आणि मालकाने वर सव्वातीन टक्के भरायचे, हे तुम्ही त्या दिवशी तुमच्या ओटीवर समजावलंत. काम गेलेल्या विमाधारकाला त्यातूनच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत 90 दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या मिळकतीच्या निम्मी रक्कम मिळते. आयुष्यात एकदाच. गैरवर्तनावरून काढलं असेल, वय झाल्याने निवृत्ती असेल किंवा आपण होऊन निवृत्ती घेतली असेल, तर नाही. त्या कोऱ्या कागदावर नंतर काय लिहिलं गेलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

पात्रतेची गोष्ट मात्र माझ्या पोटात गोळा आणणारी होती. आधीची सलग दोन वर्षं विमा हवा, तो होता. पण काम सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी. जुलैत मी लावणीला घरी आलो होतो, ऑगस्टभर आईच्या ऑपरेशनमागे. म्हटलं, गेलं सगळं.

तुम्ही चष्मा पुसलात, स्लिपा झोपाळ्यावर महिन्यांच्या क्रमाने मांडल्यात आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक सोललेली सुपारी ठेवलीत. एप्रिल 21, मे 19, जून 22, जुलै 4, ऑगस्टच्या जागी नुसतीच सुपारी, सप्टेंबर 17. पेन्सिलीने बेरीज केलीत, मग परत खालून वर केलीत. 83. "पाच वर आहेत," म्हणालात. काका, त्या पाच दिवसांनी मला त्या रात्री झोप लागली.

मालक सही देणार नाही, ही माझी दुसरी भीती. 2020 पासून कामगाराला दावा थेट ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात देता येतो, मालकाकरवी पाठवावा लागत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. काम सुटून 30 दिवस होऊ दिलेत, मग माझा विमा क्रमांक घालून ऑनलाइन अर्ज भरून घेतलात. आधार आणि पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघितलंत. पासबुकात वडिलांचं नाव अर्धंच होतं, ते आधी बँकेत जाऊन दुरुस्त करायला लावलंत. प्रिंट काढून कागद स्वतः नेऊन द्यायला मला पाठवलंत आणि पोच घेतल्याशिवाय हलू नको, म्हणून बजावलंत.

पैसे खात्यात आले. पूर्ण पगार नव्हे, पण किराणा उधारीवर आणावा लागला नाही आणि आईच्या गोळ्या चुकल्या नाहीत. कुणापुढे हात पसरल्यासारखंही वाटलं नाही, कारण माझ्याच घामातले 105 होते ते. तुम्ही टाइम ऑफिसात आयुष्य काढलंत, दुसऱ्यांची हजेरी लिहिण्यात. निवृत्तीनंतरही माझी हजेरी दोनदा मोजलीत. तुमचे मनापासून आभार.

एक विनंती आहे. आमच्या आळीतला एक मुलगा त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे होता, त्याचंही काम गेलंय. शेवटच्या सहामाहीत दिवस कमी पडतात, असं तो म्हणतो. मी मोजले तर 76 भरतात, पण एका महिन्याची स्लिप सापडत नाहीये. रविवारी त्याला घेऊन येतो. तोवर सापडली तर बरं, नाहीतर तुम्हीच बघा.

तुमचा,
खालच्यापाटातला पुतण्या