दारातल्या टेबलावरची वर्तमानपत्रे

संपादक महोदय,

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झाले, रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ चे. आपल्या राज्यात असा वारसा असताना माझ्या गल्लीच्या टोकाला असलेले छोटेसे वाचनालयही मला तितकेच मोलाचे वाटते.

निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी तिथे जातो. दारातल्या लांब टेबलावर वर्तमानपत्रे पसरलेली असतात. रिक्षावाले, पेन्शनर, स्पर्धा परीक्षेची मुले, सगळे शेजारी बसून वाचतात. कुणी कुणाला काही विचारत नाही. वाचून झालेले पान मात्र न बोलता पुढे सरकवले जाते.

पण खरा आनंद कपाटांपुढे उभे राहण्यात. हवे ते पुस्तक सापडत नाही आणि त्याच्याशेजारचे, कधी नावही न ऐकलेले, हाती लागते. मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के असतात. शेवटचा शिक्का वीस वर्षांपूर्वीचा निघाला की पुस्तक अगदी जपून घरी नेतो. दिवाळी अंकांचे दिवस तर विचारूच नका, अंक येण्याआधीच नंबर लागलेले असतात. ग्रंथपालबाई मात्र माझ्या आवडीचा अंक आठवणीने बाजूला ठेवतात.

गेल्या महिन्यात नातीलाही बालविभागाची सभासद केले. पहिले पुस्तक तिने रस्त्यातच, चालता चालता, उघडले.

– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे