रमाबाईंच्या मानेवर जोखड नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंडिता रमाबाईंवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. बाईंनी हिंदू रूढींचं जोखड उतरवून ख्रिस्ती धर्माचं दुसरं मानेवर घेतलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधली निराधार बायकामुलींची सेवा ही त्याची किंमत, असा लेखकाचा निष्कर्ष. तो तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलात. याचा मला मनापासून राग आला आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई तिथल्या धर्मभगिनींशी आणि बिशपांशी श्रद्धेच्या प्रश्नांवर सडेतोड भांडल्या. सदसद्विवेकाच्या बाबतीत त्यांनी कुणाचाही हुकूम मानला नाही. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून सांगितलं. राज्य ख्रिस्ती साहेबांचं होतं, पत्र लिहिणारी बाई ख्रिस्ती होती, आणि त्या पत्राचे पडसाद थेट विलायतेच्या पार्लमेंटात उमटले. जोखडाखालचा माणूस असं लिहितो का? त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उपाशी मुली, विधवा आणून त्यांनी केडगावला सांभाळल्या. हे करायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

बायबलमधल्या, गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो. ख्रिस्ताने मोकळं केलं आहे, आता सुंता आणि यहुदी नियमशास्त्राच्या ओझ्याखाली परत जाऊ नका, असं तो अक्षरशः चिडून बजावतो. लगेच पुढे म्हणतो की ही मोकळीक स्वतःच्या वासनांसाठी वापरू नका, प्रेमाने एकमेकांची सेवा करा. सेवेने तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत मिळत नाही. ते आधीच फुकट मिळालेलं असतं, म्हणून माणूस सेवेला मोकळा होतो. लेखकाने हा अध्याय उघडून पाहिला असता तर ‘किंमत’ हा शब्द त्यांनी लिहिला नसता.

माझी मावशी नर्स होती. निवृत्तीनंतर आमच्याच वाड्यातल्या एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग ती करायची. साखरेचा आजार, टाचेला न भरणारी जखम. सुरुवातीला त्यांच्या घरात तिला आत घेत नसत. ती उंबरठ्याबाहेर बसायची, आजोबा पाय बाहेर काढायचे, आणि आजी वरून हातावर पाणी घालायच्या. मावशी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून उकळून वाळवलेल्या कापडाच्या घड्या काढायची, जखमेतला पू टिपायची आणि टिपता टिपता आजोबांशी भाजीच्या भावांवर बोलायची. एकदा त्यांच्या मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, “मावशी, चर्चकडून याचे किती मिळतात?” तिने पट्टीची गाठ मारली आणि म्हणाली, “मला कुणी पाठवलेलं नाही रे. म्हणून तर येते.” आजोबा जाईपर्यंत ती जात राहिली. त्या घरातलं कुणी ख्रिस्ती झालं नाही, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. तुमच्या लेखकाच्या हिशेबात तिला कुठल्या खान्यात बसवायचं, हे त्यांनी मला सांगावं.

सेवेच्या नावाखाली कुणी आमिष दाखवलं असेल तर त्याच्यावर जरूर लिहा. आमच्या चर्चच्या मंडळीतही अशा गोष्टींवर कडक बोललं जातं. पण त्यासाठी रमाबाईंना खाली ओढू नका. दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते. लेखकांनी एकदा मुक्ती मिशन पाहून यावं आणि मग लिहावं.

आणखी एक. दर डिसेंबरात तुमच्या पानावर ख्रिस्ती म्हणजे कॅम्पातला केक आणि सांताक्लॉजची टोपी. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, १८८५ पासून उभं आहे, तिथे उपासना मराठीत होते. यंदा नाताळला तुमचा बातमीदार तिकडे पाठवा.

आपली,
एक वाचक, गुरुवार पेठ, पुणे