आधी बाबांना दाखवलंत, मॅडम

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला आठवडा झाला, पण आमच्या घरात अजून तोच विषय चालू आहे.

गेल्या साली आमचा कापूस हलका निघाला. धागा कच्चा म्हणून खरेदीत भाव पाडला. कारण विचारत बाबा तालुकाभर हिंडले. एका दुकानदाराने टॉनिकची बाटली हातात ठेवली, एका साहेबांनी मान वर न करता वाटेला लावलं. मी वनस्पतिशास्त्र शिकते म्हणून कॉलेजात विचारलं, तर उत्तर मिळालं, "हे परीक्षेला येत नाही." ते अजून बोचतं.

तुम्ही मात्र फुलं उमलली त्याच सकाळी पऱ्हाटीला तारखेच्या चिठ्ठ्या बांधायला लावल्यात. मग १२ आणि ३० दिवसांची बोंडं तोडून आमच्या ओसरीत सूक्ष्मदर्शक मांडलात. मी पुढे झाले तशी म्हणालात, "थांब. शेत त्यांचं आहे, आधी ते बघतील." बाबांनी टोपी काढली, हात धोतराला पुसले आणि वाकले. किती तरी वेळ वाकलेलेच. "पोरी, हे तं नळीवानी दिसते वं!"

सरकीवरचा एकेक धागा म्हणजे एकच पेशी, हे मला तेव्हा खरं कळलं. आधी ती लांबते, फुलल्यावर साधारण १५-२० दिवसांनी आतून भिंत चढू लागते. सेल्युलोज सिंथेज ही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांसारखी गटाने बसतात, ग्लुकोज या साखरेला ग्लुकोज जोडत सेल्युलोजची साखळी काढतात आणि काढता काढता पुढे सरकतात. पेक्टिन नि हेमिसेल्युलोज हे भिंतीतले दुसरे पदार्थ पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागात बनून भिंतीपर्यंत पोचतात. पण पिकलेल्या धाग्यात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच. साखर पुरवतात पानं. ऐन भरणीत, म्हणजे भिंत चढताना, पाण्याचा ताण पडला, पानं मलूल झाली, की भिंत पातळ राहते आणि धागा कच्चा निघतो.

बाबा लगेच म्हणाले, "म्हंजे मिस्त्री हाय, पन इटाच नाई." तुम्ही ते वाक्य तुमच्या वहीत लिहून घेतलंत. शिकलेली माणसं खूप पाहिली, मॅडम. माझ्या बापाचं बोलणं लिहून घेणारं पहिल्यांदाच पाहिलं.

यंदा भरणीसाठी विहिरीतलं पाणी बाबांनी राखून ठेवलंय. चिठ्ठ्या अजून झाडांवर आहेत. माय त्या झाडांना कोणाला हात लावू देत नाही. "मॅडम येतीन," म्हणते.

तुमची,
ओसरीतली विद्यार्थिनी