आधी निदेशक नेमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातल्या एक हजार सरकारी आयटीआयचा कायापालट करणाऱ्या ‘पीएम-सेतू’ योजनेविषयी बरेच छापून येत आहे. 60 हजार कोटींची योजना. त्यात 30 हजार कोटी केंद्राचे, 20 हजार राज्यांचे आणि 10 हजार उद्योगांचे. मी स्वतः आयटीआयमधून बाहेर पडलेला फिटर. 1981 साली पास झालो, वर्षभर अप्रेंटिस होतो आणि पुढची 34 वर्षे टूलरूममध्ये काढली. आपल्या पोरांसाठी एवढा पैसा येतोय याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातला किती पैसा शिकवणाऱ्या माणसापर्यंत, म्हणजे आयटीआयमधल्या निदेशकापर्यंत, पोचणार, याची काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पुतण्याच्या डाय-मोल्डच्या, म्हणजे साच्यांच्या, वर्कशॉपवर जाऊन बसतो. गेल्या वर्षी तिथे एक मुलगा कामाला आला. फिटर ट्रेड, दोन वर्षे पूर्ण, गुण चांगले. त्याच्या हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचे साधन, दिला आणि एक पट्टी मोजायला सांगितली. मुख्य पट्टीवरचा आकडा त्याने वाचला, पण व्हर्नियरची कुठली रेघ जुळते ते काही केल्या सापडेना. मुलगा हुशार होता. घामाघूम झाला. जवळ बसवून विचारले तेव्हा म्हणाला, “काका, दुसऱ्या वर्षी आम्हाला सरच नव्हते. वेल्डरचे सर आठवड्यातून दोनदा यायचे. सरावाचा जॉब आम्ही तिघांत मिळून एक केला.”

आमच्या वेळी निदेशकांनी पहिला दीड महिना फक्त फायलिंग, म्हणजे कानशीने घासण्याचे काम, करून घेतले होते. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा धरायचा, घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे बघायचे, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. सर मागून यायचे आणि न बोलता माझे कोपर धरून सरळ करायचे. फाइल डोलत होती ती कोपरामुळे, हे त्यांना दोन पावलांवरून दिसायचे. मला ते स्वतःहून कधीच कळले नसते. त्यानंतर मेल-फीमेल फिटिंग, दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेड जाता कामा नये. ते जमले त्या दिवशी सरांनी तो जॉब सगळ्या तुकडीला दाखवला होता.

आताच्या अभ्यासक्रमात वर्षाला प्रात्यक्षिकाचे 840 तास धरलेले आहेत. टर्नर ट्रेडचे सगळे काम लेथ यंत्रावर; त्याच्या वीस मुलांच्या तुकडीत चालू लेथ दोनच असतील, तर एकेका मुलाच्या वाट्याला वर्षभरात 84 तास येतात. निदेशकच नसेल तर तेही वाया. लेखी परीक्षा आता संगणकावर पर्याय निवडून होते, त्यामुळे मुलगा पास होतो आणि ही उणीव कुणाच्या लक्षात येत नाही. ती दिसते आमच्या वर्कशॉपमध्ये, पहिल्या दिवशी.

राज्यात अनेक ठिकाणी निदेशक तासिका तत्त्वावर घेतले जातात. जेवढे तास तेवढे पैसे. संसार असलेला चांगला कारागीर कारखान्यातली पगाराची नोकरी सोडून अशा कामावर का येईल? 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय आणि पदविकाधारकांना महिना 8 हजार रुपये विद्यावेतन ठेवले. मुलांच्या हाती पैसा पडला, ते चांगलेच झाले. पण माझ्या ओळखीतला एक वायरमन झालेला मुलगा त्या योजनेत सहा महिने कार्यालयात कागद लावत होता. प्लायर हातात घ्यायची वेळ त्याच्यावर आलीच नाही.

त्याच वर्षी आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मुलांना जर्मन भाषा शिकवायची तयारी झाली. त्या देशात कारखान्यात शिकाऊ मुलांना हाताखाली घ्यायचे तर शिकवणाऱ्यालाही त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि ‘माइस्टर’ला, म्हणजे उस्ताद कारागिराला, समाजात मान असतो. आपण त्यांच्याकडे माणसे पाठवतो आहोत, तर ही रीतही तिकडून घ्यावी.

सेतू योजनेत संस्थांच्या कारभारात उद्योगांना मोठे स्थान आहे. त्यांनी संगणकावर चालणारी नवी सीएनसी यंत्रे जरूर द्यावीत. पण प्रत्येक संस्थेच्या आराखड्यात पहिली ओळ रिकाम्या निदेशक पदांची असावी: किती पदे, कुठल्या ट्रेडची, कोणत्या तारखेपर्यंत भरणार. ती यादी संस्थेच्या फाटकावर लावावी, म्हणजे प्रवेश घ्यायला आलेल्या पालकांना वाचता येईल. मुलामागे वर्षाला किती लोखंड, किती फाइली, वेल्डिंगचे किती इलेक्ट्रोड मिळणार, तेही त्यात लिहावे. मुंबईत चुनाभट्टीला निदेशकांना तयार करणारी केंद्राची संस्था आहे, तिच्या जागा वाढवाव्यात.

आणि पदे भरेपर्यंत आमचा उपयोग करून घ्यावा. सातपूर-अंबडमध्ये माझ्यासारखे कितीतरी निवृत्त फिटर, टर्नर, टूलमेकर घरी बसून आहेत. आठवड्यातले दोन दिवस मी मानधनाशिवाय यायला तयार आहे. अंबडच्या त्या मुलाला व्हर्नियर चार दिवसांत वाचता यायला लागला. आता तो वर्कशॉपमध्ये डायचे पॉलिशिंग करतो.

– एक निवृत्त फिटर, सातपूर, नाशिक